अमावास्येच्या दुपारची तबकडी

मी एक तबकडी बोलतेय. गाण्याची.

लाख, दगडाची भुकटी आणि काजळी एकत्र मळून, तापवून, दाबून मला घडवली. रंगानं तव्यासारखी काळी, आकारानं भाकरीएवढी. माझ्या वेळच्या पुष्कळ तबकड्या एकाच बाजूनं गायच्या, तशीच मीही. पाठ अगदी कोरी. माझ्याजवळ होतं ते एकच गाणं, पुरती तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

माझा जन्म कलकत्त्याच्या कारखान्यातला, पण माझ्यात जीव पडला तो बेळगावच्या कॅम्पातल्या एका बंगल्यात. साल एकोणीसशे दहा. एक गोरा साहेब पेट्या, मेणाच्या चकत्या आणि भला मोठा कर्णा घेऊन आला होता. निपाणीहून एक गाणारी बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी अठरा वर्षांची. कर्ण्यात तोंड घालून गायचं होतं. वरचा सूर आला की साहेबाचा माणूस तिची मान धरून मागं ओढायचा, खालचा आला की पुढं ढकलायचा. तशातही ती न डगमगता गायली, ‘पाण्यातली सावली, धरू कशी गं हाती…’ गाणं संपताच तिनं कर्ण्यात आपलं नाव सांगितलं, ‘जयाबाई निपाणीकर.’ तेव्हा तशी पद्धतच होती. साहेबाला भाषा कळायची नाही, कागद चिकटवताना नावांचा घोळ व्हायचा, म्हणून शेवटी नाव सांगून ठेवायचं.

ती आवाज देऊन गेली. पुढं तिचं काय झालं ते मला कळलं नाही.

मला निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं विकत घेतलं. वखारीवरच्या माडीत माझी बडदास्त मोठी होती. पाहुणे यायचे, पान-सुपारी व्हायची, मी गायचे, लोक माना डोलवायचे. चार-पाच वर्षांनी नव्या तबकड्या आल्या आणि मी ढिगाच्या तळाशी गेले. मग मला वाजवणाऱ्या यंत्राची, फोनोची, स्प्रिंग बिघडली आणि तोही कोपऱ्यात गेला. माणसांना नव्याचं कौतुक फार असतं, हे मी त्या कोपऱ्यात बसून शिकले. पुढं व्यापारी वारला. घर आवरताना सुनेनं सगळी अडगळ अंगणात आणून ठेवली.

त्याच दिवशी वडगावचा केदारी विणकर साड्यांचं गाठोडं घेऊन त्या घरी आला होता. त्याची नजर फोनोवरून हलेना.

“वैनी, ह्यो फोनो इकायचा हाय काय?”

“मोडलाय तो. न्या की. एक लुगडं ठेवून जावा.”

केदारीनं क्षणभर विचार केला, गाठोड्यातलं हिरव्या काठाचं लुगडं काढून दिलं आणि फोनो डोक्यावर घेतला. बरोबर दोन तबकड्या मिळाल्या. एक गोऱ्यांच्या बँडची, एक मी.

वडगावातली ती गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना बसकी घरं आणि घरोघरी खड्डामाग, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा. दिवस उजाडला की धोट्याचा खटखटाट सुरू. बायका रहाटावर सुताच्या कांड्या भरायच्या, माणसं विणायची. हात थांबला की चूल थांबायची, म्हणून हात थांबायचे नाहीत. फक्त अमावास्येला माग बंद. तो एकच दिवस त्यांचा स्वतःचा. मग कुणी फडक्यावर निळीनं आखलेला सारीपाट मांडायचं, कुणी कुस्त्या बघायला जायचं, तेही तिकिटाच्या बाहेर, झाडावर चढून. नाटकाचा तंबू आला की गल्ली कनातीच्या मागं बसून नुसतं ऐकायची आणि कुठला नट कसा दिसत असेल यावर भांडायची. त्या भांडणातच निम्मी मजा.

मी आले आणि अमावास्येची दुपार माझी झाली. केदारीनं सायकलवाल्याकडून स्प्रिंग कशीबशी सांधून घेतली. पिनांची डबी घेणं परवडणारं नव्हतं. मग त्यानं बाभळीचे काटे आणले, वाळवले, टोकं घासली. काट्यानं माझा आवाज थोडा बारीक व्हायचा, पण गोड लागायचा. एक काटा एकदाच चालायचा. माझी झीज नको म्हणून एका अमावास्येला दोनदाच वाजवायचं, असा त्याचा नियम. प्रत्येक घरातून मूठभर चिरमुरे यायचे, कुणी गूळ आणायचं, कुणी शेंगा. केदारीची म्हातारी आई अक्काताई सगळं एका सुपात कालवायची. वखारीवरच्या माडीत मला इतकं कान देऊन कुणी ऐकलं नव्हतं. इथं माणसं श्वास रोखून बसायची. शेवटचं कडवं मात्र इथं कुणीच ऐकलेलं नव्हतं. सांधलेली स्प्रिंग दोन मिनिटांतच दमायची, मी गळा बसल्यासारखी घरघरायला लागायचे, आणि माझी दैना नको म्हणून केदारी काटा उचलायचा. उरलेल्या टोकासाठी दुसरा काटा खर्चायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

गल्लीच्या टोकाला नागोजी राहायचा. पन्नाशीचा, शांत माणूस. पहिली बायको गेल्यावर त्यानं दुसरी केली, तिला गल्ली बायाक्का म्हणायची. ती तापाच्या साथीच्या वर्षी अंगावरच्या लुगड्यानिशी या गावात आली होती. नागोजीच्या आत्यानं तिला कांड्या भरायला बसवलं, आणि पुढं आत्यानंच हे लग्न जमवलं. बायाक्का हाताची चलाख, तोंडानं मात्र अबोल. जात्यावर, बारशाला, लग्नात बायका गायला लागल्या की ही ओठ मिटून बसायची. “बायाक्काला सूरच न्हाय,” असं म्हणून बायका हसायच्या. तीही हसायची. माझ्या दुपारला नागोजी नेमानं यायचा, पण ती कधी आली नव्हती. घरात काही ना काही काम निघायचं.

हे सगळं मी नंतर ऐकलं. तोवर मी तिला या गल्लीत पाहिलंही नव्हतं.

एकोणीसशे तेहतीसची पौषातली अमावास्या. केदारीच्या घराचा पुढचा सोपा माणसांनी भरला होता. पुढं पोरं, मागं बायका, भिंतीला टेकून गल्लीचे पंच मारुतीराव, त्यांच्या शेजारी नागोजी. केदारीनं चावी भरली, काटा टेकवला. मी गायला लागले.

त्याच वेळी बायाक्का अक्काताईची चाळण परत द्यायला दारात आली. पहिली ओळ कानावर पडली आणि ती चौकटीला धरून तशीच उभी राहिली. कुणाचंच लक्ष नव्हतं.

दुसऱ्या कडव्याला स्प्रिंग दमली. ‘पाण्यातली सावली, धरू कशी…’ इथं माझा सूर खाली घसरला, शब्द लांबले, म्हैस हंबरावी तसा आवाज निघाला आणि मी थांबले. केदारीनं हात पुढं केला.

आणि दारातून आवाज आला, ‘…धरू कशी गं हाती.’

माझ्याच मूळ सुरात. माझीच हरकत. जिथं मी श्वास घेते तिथंच श्वास. आवाज वयानं जाड झालेला, पण माझाच.

सगळ्या माना एकदम वळल्या. चिरमुऱ्याची मूठ तोंडाकडं नेलेला एक पोरगा तसाच थिजला. बायाक्काच्या हातातली चाळण खाली पडली आणि गोल फिरत फिरत आवाज करत राहिली. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, जणू भलतंच कुणीतरी तिच्या तोंडातून बोललं होतं.

“बायाक्का?” अक्काताई सुपातला हात काढून म्हणाली. “तू गायलीस?”

नागोजी उठून उभा राहिला होता. त्याला पुढं जायचं की मागं हेच कळत नव्हतं.

“गानं ऐकून पाठ झालं आसंल,” केदारी सावरून घ्यायला म्हणाला.

“न्हाय.” बायाक्कानं तोंडावरचे हात काढले. “ती मीच हाय.”

“कोन?”

“त्यात गातीया ती. शेवटाला माजं नाव हाय, जयाबाई. ऐका.”

केदारीनं नवा काटा बसवला. पूर्ण चावी भरून त्यानं काटा माझ्या मधल्या भागात, शेवटच्या रेघांवर ठेवला. जे टोक या घरात कधी वाजलंच नव्हतं ते वाजलं. गाणं संपलं, खर्र आवाज झाला, आणि अठरा वर्षांची एक पोरगी घाईघाईनं, जरा घाबरून बोलली, ‘जयाबाई निपाणीकर.’

आणि मला सर्वांत जास्त धक्का बसला तो बायाक्काचा चेहरा बघून. ती रडत नव्हती. डोळे विस्फारून माझ्याकडं बघत होती.

“असा हुता व्हय माजा आवाज?” ती म्हणाली. “मी कदीच ऐकला न्हवता. साहेबानं ऐकीवला न्हाय. मागनं आईनं बेळगावच्या दुकानात जाऊन चौकशी केलती. तबकडी घ्यायची आमची ऐपत न्हवती, आनि वाजवायला फोनो तरी कुटला?”

तेवीस वर्षं मी निपाणीच्या पाहुण्यांना, वडगावच्या पोरांना, सगळ्यांना गाणं ऐकवलं. जिचं होतं तिनंच ते ऐकलं नव्हतं. मला याची कल्पनाही नव्हती.

मारुतीराव खाकरले. “म्हंजे बैठकीत गानारी बाई तू?”

“व्हय. आई गायची, मीबी गायचे. साथीत आई गेली. मग बैठक भरवनाऱ्या मंडळींनी मला वाड्यावर ठिवून घ्यायचं ठरीवलं. मला न्हाय विचारलं. मी पहाटंचं उठून चालत सुटले, हितं आले. आवाज ऐकला की लोक मानूस बघत न्हाईत, म्हनून आवाजच टाकून दिला.”

ती नागोजीकडं वळली. “तुमाला सांगायला पायजे हुतं.”

नागोजीनं मान खाली घातली आणि कुणाच्याही अंगाला न लागता दारातून निघून गेला.

पुढचे दिवस मी कापडात गुंडाळून फळीवर होते, पण गल्लीतलं सगळं कानावर यायचं. विहिरीवर बायाक्का आली की बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही. ज्या बायका माझ्या गाण्यावर डोलल्या होत्या, त्याच. माझ्यातला आवाज त्यांना चालत होता, बाई चालत नव्हती. आणि गल्लीच्या टोकाचा एक माग तीन दिवस वाजला नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी नागोजी आला. केदारी एकटाच घरात होता.

“लाव की एकदा,” नागोजी म्हणाला.

“आज अमावास्या न्हाय, अण्णा.”

“लाव.”

केदारीनं नियम मोडला. नागोजी माझ्यासमोर उकिडवा बसला. मी थांबले की केदारी चावी भरायचा आणि पुढं वाजवायचा. नाव आलं की नागोजी म्हणायचा, “फिरून.” चार काटे संपले.

“किती वर्साची आसंल रं ही?” शेवटी त्यानं विचारलं.

“अठरा-एकोनीस.”

“मी हिला बघितली तवा सव्वीसची हुती. ह्या पोरीला मी बघितलंच न्हाय कदी.” त्यानं धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. “पंधरा वर्सं एका घरात, केदारी. मी वेड्यागत अमावास्या गाठून तुज्या दारात हिचं गानं ऐकायला येत हुतो. आनि ती घरात बसून माजं धोतर शिवत हुती. मला एक ओळबी न्हाय. मी काय वाड्यावरचा हुतो व्हय रं?”

त्याला राग कशाचा आला होता, ते मला तेव्हा कळलं. गल्लीला वाटत होतं ते निराळंच होतं.

पौर्णिमेला सकाळी मारुतीच्या देवळापुढं पंच बसले. केदारीला मला घेऊन यायला सांगितलं होतं. जुन्या धोतरात गुंडाळून त्यानं मला छातीशी धरलं होतं. त्याच्या काळजाचे ठोके मला लागत होते. बायाक्का बायकांच्या मागं उभी होती, एकटी, चार हात लांब.

मारुतीराव वाईट माणूस नव्हते. त्यांना भांडण नको होतं, सगळं पहिल्यासारखं व्हायला हवं होतं. ते म्हणाले, “बायाक्का पंधरा वर्सं सरळ ऱ्हायली, त्याला कोन न्हाय म्हनत न्हाय. पन ही तबकडी गल्लीत वाजत ऱ्हायली तर रोज तेच निघनार. तवा आमी म्हनतो, तबकडी फोडा. फोडली की ह्यो इषय संपला. मग कुनी एक शब्द काडायचा न्हाय.”

“खरंच संपला न्हवं?” नागोजीनं विचारलं.

“माझा शब्द.”

“समद्यांनी ऐकलं?”

माना हलल्या. केदारी मला आणखी घट्ट धरू लागला. “अण्णा, मी लुगडं दिलंय हिच्यासाटी,” तो पुटपुटला. नागोजीनं त्याच्या हातातून मला हळूच सोडवलं. कापड बाजूला केलं. त्याच्या बोटांना सुताचा वास होता. त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं, एकदा माझ्याकडं नीट पाहिलं. मला वाटलं, हा मला फोडणार नाही. त्या दिवशीच तर चार वेळा ऐकून गेला.

त्यानं मला गुडघ्यावर घातलं.

आवाज मोठा झाला नाही. फांदी मोडावी तसा. मी दोन ठिकाणी होते. बायाक्काच्या तोंडून हुंदका फुटला आणि ती खाली बसली. अक्काताई ओरडली, “आरं मुडद्या, काय केलंस ह्ये!”

नागोजी मारुतीरावांकडं वळला. त्याचा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नव्हता.

“पंचांनी सांगितलं, मी फोडली. इषय संपला. आता येत्या अमावास्येला माज्या घरात माजी बायको गानार. ज्याला यायचं त्यानं यावं. पंच तबकडीबद्दल बोलल्यात, बायकोबद्दल न्हाय.”

मारुतीरावांनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. शब्द तर सगळ्यांदेखत दिलेला.

“मी सांगते तुमास्नी,” अक्काताई काठी टेकत पुढं आली, “फोडायचं ते फोडून झालं. आता गळा कुनी फोडनार हाय काय?” एकेक जण उठून चालू लागला.

नागोजी बायाक्काजवळ गेला. “ह्यो आवाज आता दुसऱ्या कुटं न्हाय,” तो तिला हळू म्हणाला. “गाशील न्हवं?”

ती त्याच्याकडं बघत राहिली. पंधरा वर्षांच्या संसारात हा माणूस असं काही करील, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? ती उठली आणि घरी गेली.

केदारीनं माझे तुकडे उचलले. एकाला अक्काताईनं चिंचेच्या गाडग्यावर झाकण म्हणून ठेवलं. दुसरा बायाक्कानं मागून नेला आणि कांड्यांच्या टोपलीच्या तळाशी ठेवला. त्या टोपलीतून मी पुढचं ऐकलं.

अमावास्येला दुपारी नागोजीनं सोपा झाडला, घोंगडं अंथरलं आणि दोघं बसून राहिले. बराच वेळ कुणी आलं नाही. मग अक्काताई आली, पाठोपाठ केदारी. मग दोन-चार पोरं. शेवटी मारुतीरावांची बायको मालुबाई दारात येऊन म्हणाली, “इस्तू मागाय आलते,” आणि विस्तव न मागताच भिंतीला टेकून बसली.

मला वाटलं, बायाक्का माझंच गाणं धरणार. तिनं धरलं नाही. घसा साफ केला, सुताच्या धुळीनं खोकला आला, पाणी प्यायली. मग जे गायला लागली ते मी कधी ऐकलंच नव्हतं. ते संपलं, दुसरं निघालं. तिच्या आईची पदं, निपाणीच्या मळ्यातल्या बायकांची गाणी, कानडी मुलखातून आलेल्या कुणा म्हातारीनं शिकवलेलं एक. वर जाताना आवाज फाटायचा, तिथं ती सूर खाली घेऊन वळवायची. माझ्यासारखा स्वच्छ नव्हता तो आवाज. पण संपत नव्हता.

मी टोपलीत थक्क होऊन पडले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, जयाबाई म्हणजे मीच. तिचं जे होतं ते सगळं माझ्यात साठलंय, मी फुटले तर ती संपली. आणि माझ्याजवळ होतं काय, तर तीन मिनिटं. तीही पुरती नाहीत.

त्यालाही आता तीन-चार वर्षं झाली. केदारीनं मला लाख लावून सांधायचा घाट घातला होता. बायाक्काच म्हणाली, “ऱ्हाऊ दे रं.” बरं झालं. विहिरीवर अजून दोन घरच्या बायका कळशी बाजूला घेतात. बाकीच्या घेत नाहीत. मारुतीराव गेल्या वर्षापासून बायकोला हाक मारायच्या निमित्तानं येतात आणि गाणं संपेपर्यंत पायरीवर बसतात.

परवाच्या अमावास्येला बायाक्का एक लांबलचक पद म्हणत होती. रंगात आलेलं पद मधेच अडलं. पुढचं कडवं तिला आठवेना. ती छताकडं बघत राहिली, नागोजीकडं बघितलं, आणि खळखळून हसली. इतकी, की तिला पदर तोंडाला लावावा लागला. सगळा सोपा हसायला लागला. नागोजी म्हणाला, “हसून झालं की पयल्यापासनं म्हन.”

तिचं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

वाचणाऱ्यांनो, माझ्यासारखी एखादी तबकडी तुमच्या घरी असेल तर ती जरूर वाजवा, काट्यानं वाजवा, मोडक्या यंत्रावर वाजवा. पण वाजवून झाल्यावर यंत्र बंद करा आणि घरात जे माणूस कधीच गात नाही, त्याच्याजवळ जरा जाऊन बसा. मला आता गप्प राहू द्या. तिनं पद पुन्हा पहिल्यापासून धरलंय, आणि मला ऐकायचंय.